आजसाठी की उद्यासाठी?

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयमधून कुणी फ्रान्सला निघालं की आता फोन मला येतो. "शेठ, ल्योंला दोन दिवस आहोत. कुठे जेवायचं? चीज कुठून घ्यायचं?" मी सांगतो, अगदी तपशिलात सांगतो. पण फोन ठेवताना प्रत्येक जण एक वाक्य हमखास बोलतो, "काकांनीच सांगितलं, शेठला विचारा म्हणून." म्हणजे मान माझा आणि शिफारस त्याची. तो आता चँडलरला पुतण्याकडे राहतो, ॲरिझोनाच्या उन्हात पाय पसरून बसतो, आणि तिथे बसून माझाच मान मला वाटून देतो. हे मला तेव्हाही खपत नव्हतं आणि आजही खपत नाही.

त्याला सगळं ट्रॉय 'ल्योंकाका' म्हणायचं. मूळचा अमरावतीचा, गिअरबॉक्सच्या कंपनीत इंजिनिअर, लग्न केलेलं नाही. तरुणपणी कंपनीने त्याला फ्रान्समधल्या ल्यों शहरात पाठवलं होतं. तिथे तो जेमतेम चार वर्षं राहिला असेल. मग बदली होऊन मिशिगनला आला तो रिटायर होईपर्यंत इथेच. पण मिशिगनबद्दल त्याला काही विचारलं तर एकच वाक्य मिळायचं, "इथे पार्किंग चांगलं आहे." ल्योंबद्दल विचारलं तर मात्र खुर्ची ओढून बसायला लागायचं.

ट्रॉयमध्ये कुणी पायी चालत नाही. रस्ते सहा पदरी, फुटपाथ मध्येच संपतात, दुधाची बाटली आणायची तरी गाडी काढावी लागते. हा माणूस वेताची टोपली हातात घेऊन चालत बाजाराला जायचा. गाडी होती त्याच्याकडे, गॅरेजमध्ये पडून असायची. एका जानेवारीत बर्फात टोपली घेऊन चाललेला पाहून पोलिसाने गाडी थांबवली आणि विचारलं, सर, तुम्ही ठीक आहात ना, घरचा पत्ता आठवतोय ना? काकाने टोपलीतला पाव काढून त्याच्यापुढे धरला म्हणे आणि सांगितलं, "दाबू नका. वास घ्या." पोलीस त्याला घरापर्यंत सोडून गेला आणि जाताना पावाचा तुकडा खाऊन गेला. ही गोष्ट काका स्वतः सांगायचा, आणि लोक हसून हसून लोळायचे. मला कधी हसू आलं नाही. मी रोज त्याच रस्त्याने पहाटे गाडी हाकत डेट्रॉइटच्या होलसेल बाजारात जायचो, भेंडीच्या खोक्यासाठी लेबनीज दलालाशी घसा फाटेपर्यंत भांडायचो. माझ्या त्या भांडणाची गोष्ट कधी कुणी ऐकली नाही.

माझं काय आहे ते आधी सांगून टाकतो. माझे वडील संगमनेरच्या मार्केट यार्डात हमाल. मी बारावी नापास. मेव्हण्याच्या ओळखीने अमेरिकेत आलो, गॅस स्टेशनवर उभा राहिलो, आणि त्यातून हे दुकान उभं केलं. या गावातल्या प्रत्येक मराठी घरात जी डाळ शिजते ती माझ्याकडची, जे पीठ मळतात ते माझ्याकडचं. आंबा हातात घेतला की तो कधी पिकेल ते मी डोळे मिटून सांगतो. पण वीस वर्षांत गावाने मला दोनच प्रश्न विचारले: हापूस कधी येणार, आणि डिस्काउंट किती देणार. खाण्याबद्दल विचारायचं ते काकाला. त्याच्याकडे होतं काय? एक टोपली, आणि परक्या गावातल्या जुन्या जेवणाच्या आठवणी.

माझ्या दुकानात यायचा तो शनिवारी सकाळी. आला की दोन्ही हात पाठीमागे बांधायचा, आणि बाहेर पडेपर्यंत सोडायचा नाही. आपली माणसं भाजी कशी घेतात माहीत आहे. भेंडीचं टोक मोडतात, टोमॅटो दाबतात, दुधी नखाने टोचतात, आणि मग नको म्हणून ठेवून देतात. हा कशालाच हात लावायचा नाही. काउंटरसमोर उभा राहून म्हणायचा, "शेठ, भेंडी द्या. मी एकटा. आज दुपारी करणार आहे."

"तिकडे ठेवलीय, घ्या ना निवडून."

"तुम्ही द्या. दुकान तुमचं आहे, माझं नाही."

मागे रांग लागलेली, आणि मी गल्ला सोडून याच्यासाठी मूठभर भेंडी निवडायला जायचो. आंबा मागताना तर त्याहून वर. "दोन द्या. एक आजसाठी, एक उद्यासाठी." माझा पारा चढायचा. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, तुम्हाला हात आहेत की देवाने नुसत्या बाह्या दिल्यात?" लोक हसले. तो शांतपणे म्हणाला, "दुकानदाराला कामाला लावावं, शेठ. नाहीतर तो नुसता गल्ला सांभाळत बसतो." लोक परत हसले, आणि या वेळी जास्त.

आणि तो भाव विचारायचा नाही. कधीच नाही. जे सांगाल ते द्यायचा. तुम्हाला वाटेल दुकानदाराला असं गिऱ्हाईक म्हणजे लॉटरी. अजिबात नाही. घासाघीस करणाऱ्या माणसाशी माझं नातं जमतं. तो माझ्या मालाला नावं ठेवतो, मी त्याच्या खिशाला, आणि शेवटी दोघं हसतो. भाव न विचारणारा माणूस तुम्हाला खेळायलाच देत नाही. एकदा मी मुद्दाम भाव चढवून सांगितला, बघू तरी काय करतो. त्याने पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "आज मेथी फारच चांगली असणार." मी मुकाट्याने जास्तीचे पैसे परत केले. असा माणूस डोक्यात जाणार नाही तर काय होईल?

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतली गोष्ट अजून सांगतात. प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा होता. कुणी मसालेभात, कुणी बटाट्याची भाजी, मी शंभर माणसांचं श्रीखंड दिलं होतं, फुकट. आरती चालू असताना हॉलमध्ये वास सुटला. बायका एकमेकींच्या पोरांचे डायपर तपासायला लागल्या. डेंटिस्ट काकूंनी आपल्या नातवाला दोनदा बाहेर नेऊन आणलं. शेवटी कळलं की काकाने टोपलीत चीज आणलंय, फडक्यात गुंडाळून, खोलीच्या उबेत मऊ व्हायला म्हणून स्टेजच्या हीटरजवळ ठेवलंय. माणसं नाकाला रुमाल लावून हसत होती. मला वाटलं, आता तरी याची फजिती झाली. तर हा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याला वास येतो त्याला चव कळणार. बाकीच्यांनी श्रीखंड खावं."

मग काय, सगळी तरुण पोरं चीज खायला धावली. श्रीखंड दुसऱ्या दिवशी आम्हीच खाल्लं. बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पोटात का दुखतंय?" मी म्हणालो, श्रीखंड जास्त झालं म्हणून.

त्या धावणाऱ्या पोरांत सगळ्यात पुढे होती आमची जुई.

जुई आमची एकुलती एक, इथेच जन्मलेली. शाळा सुटली की दुकानात येऊन काउंटरच्या टोकाला अभ्यास करायची. डाळींचे डबे, मसाल्यांचे वास यांत वाढलेली मुलगी. मी तिला कितीदा सांगायचो, "इकडे ये, वांगं कसं बघायचं ते दाखवतो." तर "बाबा, आय हॅव होमवर्क." आणि शनिवारी काका आला की होमवर्क बंद. हनुवटी हातावर टेकून ऐकत बसायची. ल्योंमध्ये पावाच्या दुकानात रांग लागते ती पावासाठी नाही, गप्पांसाठी. ल्योंमध्ये भाजीवाली पालक देताना विचारते, पाहुणे कोण येणार आहेत. मी ऐकायचो आणि माझा हिशेब चुकायचा.

कॉलेजात जायची वेळ आली तेव्हा फार्मसी ठरलं होतं. दुकानाच्या शेजारची जागासुद्धा मी मनात धरून ठेवली होती. एक दिवस जुई म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टु कुक. ल्योंला जायचंय शिकायला."

"स्वयंपाक शिकायला फ्रान्सला? तुझी आई काय हवा खायला घालते?"

"काका सेज आय हॅव द नोज."

नाक तिचं माझ्यावर गेलंय, कुणालाही विचारा. पण ते आहे हे सांगितलं काकाने.

मी महिनाभर बोललो नाही, ना तिच्याशी ना काकाशी. शेवटी बायकोने मला समजावलं ते तिच्या पद्धतीने: "तुम्ही संगमनेर सोडून आलात तेव्हा कोणाला विचारलं होतंत?" मुलगी निघाली. निघण्यापूर्वी काकाने आम्हा तिघांना घरी जेवायला बोलावलं.

त्याच्या घरी पहिल्यांदाच गेलो. टीव्ही नाही, सोफा नाही, खोलीभर एकच मोठं टेबल. जेवण झाल्यावर त्याने टेबलावर शहर मांडलं. दोन लांब डाव म्हणजे दोन नद्या. त्यांच्या मध्ये नॅपकिनची घडी, ते मधलं शहर. वरच्या बाजूला अर्धा पाव उपडा ठेवला, ती टेकडी. जुईने फोन काढला तर म्हणाला, "ठेव तो. नकाशा बघून जेवायला जाणारा माणूस शेवटी नकाशाच खातो. लिहायचंही नाही, पायांनी लक्षात ठेवायचं." मग बोटाने वाट दाखवली. शनिवारी सकाळी टेकडीवरचा बाजार, भाजी आणि फळं तिथेच. टेकडी उतरताना घरांच्या पोटातून जाणारे बोळ लागतात, त्यातल्या तिसऱ्याच्या तोंडाशी हिरव्या दाराची बेकरी. तिथून खाली नदीकडे, कोपऱ्यावर चीजवाली बाई. आणि पाव-चीज घेऊन पुढे जायचं नाही, दुपारचं जेवण त्याच गल्लीतल्या खानावळीत, जिथे मेनू देत नाहीत, जे शिजलंय ते वाढतात.

"चीजवालीकडे गेलीस की हात मागे," तो म्हणाला. "ती विचारेल, आजसाठी की उद्यासाठी? आज खाणार असशील तर पिकलेलं देईल, उद्या खाणार असशील तर एक दिवस कच्चं. त्या गावात मला ओळखणारं कुणी नव्हतं. भाषा येत नव्हती. आठवड्यात एक माणूस मला एक प्रश्न विचारायचा, तो हा."

मग म्हणाला, "माझी बदली अचानक झाली. शेवटच्या शनिवारी तिने विचारलं, आजसाठी की उद्यासाठी? दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं. पण जातोय म्हणून सांगायला तोंड उघडेना. म्हणालो, उद्यासाठी."

जुईचे डोळे भरून आले. माझ्या मनात आलं, चीज विकणाऱ्या बाईसाठी हिचे डोळे भरतात, आणि डाळ विकणाऱ्या बापासाठी कधी भरले होते? पण वाट मी पाठ करून ठेवली. का ते माहीत नव्हतं. दुकानदाराला सवय असते, दुसऱ्याचा माल कुठून येतो ते लक्षात ठेवायची.

जुई गेली, आणि खरा छळ सुरू झाला. ती रविवारी फोन करायची, आधी काकाला, मग आम्हाला. आमच्यापर्यंत येईस्तोवर तिच्या गोष्टी संपलेल्या असायच्या. "ऑल गुड, बाबा." आणि शनिवारी काका येऊन सांगायचा, "शेठ, जुईने गेल्या आठवड्यात सॉस जाळला. शेफ ओरडला. चांगलं झालं, आता कधी जाळणार नाही." माझ्या मुलीचा सॉस जळाला हे मला माझ्याच दुकानात, भेंडी निवडताना, दुसऱ्याच्या तोंडून कळायचं.

ट्रॉयमधून कुणी फ्रान्सला जाऊन आलं की त्याने काकाच्या घरी जाऊन हजेरी द्यायची, असा गावाचा रिवाज होता. डेंटिस्ट काकू जाऊन आल्या. "काका, तुमच्या बेकरीतला पाव! अहाहा!" गाड्यांच्या कंपनीतले दोघं भाऊ जाऊन आले. "काका, ती चीजवाली, सुपर्ब!" तो ऐकायचा, मान डोलवायचा, चहा करायचा. स्वतः मात्र तीस वर्षांत एकदाही परत गेला नव्हता. का जात नाही विचारलं तर म्हणायचा, "तिथलं पार्किंग वाईट आहे."

जुईला नोकरी लागली त्या वर्षी जूनमध्ये मी आणि बायको ल्योंला गेलो. तिने आमच्यासाठी एक दिवस सुटी काढली होती, शनिवार. मी म्हणालो, मला काकाच्याच वाटेने जायचंय. जुई आईकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

टेकडीवरचा बाजार मात्र बघण्यासारखा होता, कबूल करतो. झाडांच्या सावलीत लांबच लांब ठेले. एका ठेल्यावर जर्दाळू होते, केशरी, गालावर लाली. मागे एक म्हातारी, कमरेला ॲप्रन, चेहरा पोलिसासारखा. मी नेहमीप्रमाणे एक जर्दाळू उचलून दाबला. दुसरा दाबला. शेजारची शेंग उचलून टोक मोडून बघितलं. फट्. म्हातारीने माझ्या हातावर चापट मारली. खरोखर मारली! आणि फ्रेंचमध्ये जी सुरू झाली ती थांबेना.

"काय म्हणतेय?"

"बाबा, प्लीज, डोन्ट टच. इथे असं नाही करत."

"तिला सांग, मी दुकानदार आहे! शेंग बघितल्याशिवाय मी बापाकडूनही घेत नाही. आणि विचार, दोन किलो घेतले तर कमी काय करणार?"

जुईने कपाळाला हात लावला, पण सांगितलं. म्हातारी काहीतरी बोलली आणि जुई हसली.

"काय? काय म्हणाली?"

"शी सेज, तुमच्या बाबांचा हात चांगला आहे, तोंड वाईट. आणि विचारतेय, आजसाठी की उद्यासाठी?"

"अर्धे आज, अर्धे उद्या," मी रागाने म्हणालो. मग बघत राहिलो. तिचा अंगठा फळाच्या देठापाशी टेकायचा, न दाबता, नुसता टेकायचा आणि पुढे जायचा. मी आंब्याला असंच करतो. भाव काही तिने कमी केला नाही, पण शेवटी पार्स्लीची जुडी पिशवीत कोंबली, पैसे न घेता. संगमनेरला भाजीवाली वर कोथिंबीर टाकते तशी. मी जिंकलो असं मी धरून चाललो.

तिथून उतरलो. तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी हिरवं दार होतं, पण आत चष्म्याचं दुकान. मी थांबलो. खाली गेलो. मेनू न देणारी खानावळ होती तिथे पोरं प्लॅस्टिकच्या ग्लासातून काहीतरी गोळ्या-गोळ्यांचं पीत होती. आणि कोपऱ्यावर, चीजवालीच्या जागी, भाड्याच्या स्कूटर लावलेल्या. काचेवर कागद चिकटवलेले, ते सुद्धा जुने.

मी रस्त्यात उभं राहून मोठ्याने हसलो. उपाशी माणसाला पंगत मिळावी तसं वाटलं. "संपलं की याचं ल्यों! काहीच नाही राहिलं! आणि आम्हाला शिकवत होता!"

"बाबा, हळू."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच शनिवारी. काकांनी फोनवर विचारलं, चीजवाली म्हातारी आहे ना अजून? मी हो म्हणाले." ती इकडे तिकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे, बाबा. जो येतो तो बघून जातो. कुणीच सांगत नाही."

"का?"

"बिकॉज ही आस्क्स लाइक दॅट."

विमानात मी वाक्य तयार केलं. 'काका, तुमचं ल्यों बंद पडलंय.' छोटं, स्वच्छ. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगणार आहात ना?" मी म्हणालो, गावात कुणीतरी एक खरं बोलणारा पाहिजे. ती खिडकीकडे वळली ती डेट्रॉइट येईपर्यंत वळलेलीच.

शनिवारी दुकान भरलेलं होतं. डेंटिस्ट काकू पिठाच्या थैल्यांपाशी होत्या. काका आला. टोपली खाली ठेवली, हात मागे बांधले.

"गेला होतास?" त्याने मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"गेलो होतो."

"सुपर्ब म्हणू नकोस. सगळे सुपर्ब म्हणतात. ती काय म्हणाली ते सांग."

वाक्य जिभेच्या टोकावर होतं. पण 'ती काय म्हणाली' ऐकलं आणि मला माझ्या हातावरची चापट आठवली. राग उसळला तो वाक्याच्या आधी बाहेर पडला. "काय म्हणणार? मारलं मला! भर बाजारात! हात लावला म्हणून हातावर फटका!"

काकाचे हात पाठीमागून सुटले. मी ते सुटलेले कधी पाहिले नव्हते. "म्हातारीने?"

मी त्याच्याकडे बघितलं.

"म्हातारीने," मी म्हणालो.

"दाबून बघितलंस?"

"बघणारच. भावही पाडून मागितला."

"तिच्याकडे? भाव?" तो इतका भडकला की लाल झाला, आणि मग इतका हसला की काउंटरला धरून उभा राहिला. डोळे पुसत दुकानाकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? हा एकटा खरोखर गेला होता. तुम्ही सगळे इतकी वर्षं माझंच मला परत ऐकवत होतात. मला वाटायला लागलं होतं की दुकान गेलं असणार."

डेंटिस्ट काकू पिठाच्या थैलीवरचा मजकूर वाचायला लागल्या.

"विचारलं तिने?" काका हळूच म्हणाला. "आजसाठी की उद्यासाठी?"

"विचारलं." हे तरी खरं होतं.

त्याने त्या दिवशी दोन आंबे घेतले. मी निवडून दिले, आणि काय झालं कोण जाणे, टोपलीत कोथिंबिरीची जुडी टाकली. माझ्या दुकानात तोवर कुणाला काही फुकट मिळालेलं नव्हतं.

आठवडाभर मी राजा होतो. लोक मला विचारायला येत होते. मग पुढच्या शनिवारी काका आला आणि म्हणाला, "तिकीट काढलं."

"कुठलं?"

"ल्योंचं. आहे ना ती अजून. मग तिला सांगायला हवं, तो उद्या कधी आला नाही ते."

मी नाना सबबी सांगितल्या. ऊन फार आहे, काका. संप आहे. बाई बहुतेक सुटीवर असेल. तो म्हणाला, "तू तिला भेटून आलास, तुला मी जातोय याचा हेवा वाटतोय." आणि हेवा वाटतच होता, त्यामुळे नाही म्हणता येईना. जुईला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, व्हॉट डिड यू डू," आणि फोन ठेवला. मग उचललाच नाही. काका तिकडे होता ते सगळे दिवस मी गिऱ्हाइकांवर डाफरत होतो. तो परत येऊन भर दुकानात मला खोटारडा म्हणेल, आणि गाव हसेल. आणि माझी मुलगी, जिने त्याचा विश्वास इतकी वर्षं सांभाळला, तिच्यासमोर तो मी मोडला असेल.

शनिवारी तो आला. काळवंडला होता, वाळला होता, टोपली तीच. दुकान भरलेलं. डेंटिस्ट काकू होत्याच. हात पाठीमागे बांधून तो उभा राहिला.

"काका, भेटली?" कुणीतरी विचारलं.

तो माझ्याकडे बघत होता.

"भेटली," तो म्हणाला. "म्हातारी आता जर्दाळू विकते."

माझा हात गल्ल्यावरच राहिला.

"टेकडीवर बसते, बाजारात. शेठ तिला चांगला लक्षात आहे. म्हणाली, त्याचा हात चांगला आहे, तोंड वाईट."

दुकान हसलं. मीही हसलो असेन. ते वाक्य ट्रॉयमध्ये बायको सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

"विचारलं तिने?" मी विचारलं.

"विचारलं. या वेळी आजसाठी म्हणालो." मग टोपली वर ठेवली. "भेंडी दे. मी एकटा."

मी निवडायला गेलो. एकेक भेंडी बघून घेतली. त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधी बोललो नाही. गाव मात्र बोलतं. ल्योंमध्ये कुठे जावं ते शेठला विचारा, असं त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि मी सांगतो: टेकडीवर जा, हात मागे बांधा, जर्दाळूवाली म्हातारी शोधा. लोक परत येऊन सांगतात, शेठ, भेटली, आम्हालाही पार्स्ली फुकट दिली. खोटं बोलायला गेलो मी, आणि ते खरं करून आला तो. त्यातही त्याने मला मागे टाकलं.

पण ते मी सोडून देतो. जे सोडता येत नाही ते वेगळं आहे. बायकोने मागाहून जुईकडून काढून घेतलं. आम्ही आईबाप गेलो तेव्हा तिने एक दिवस सुटी काढली होती. त्याच्यासाठी पूर्ण आठवडा.